वायर कुठली घेऊ?

आयटीत नोकरी करणाऱ्या माणसाकडे नातेवाईक दोनच कामांसाठी येतात. एक म्हणजे प्रिंटर चालत नाही, आणि दुसरं म्हणजे "काय घेऊ?" हे विचारायला. मी दिवसभर बँकेच्या व्यवहारांचा जावा कोड लिहितो, स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून वर्षं झाली, हे मावशीला कितीही वेळा सांगितलं तरी पटत नाही. "तू कॉम्प्युटरवाला ना रे? मग सांग की!" विषय संपला.

हेडफोन, माऊस, कीबोर्ड, पेन ड्राइव्ह... या सगळ्यांवर मी बिनधास्त मतं ठोकतो. समजा नाहीच पटलं तर हजार-दोन हजार वाया जातात, फार काही बिघडत नाही. पण हल्ली सगळ्यात जास्त येणारा प्रश्न वेगळाच असतो: "टाइप सीची वायर कुठली घेऊ?" तपकीर गल्लीत जा, लॅमिंग्टन रोडला जा किंवा घरबसल्या मागवा, दीडशेची वायर आणि पंधराशेची वायर शेजारी शेजारी ठेवली तर दिसायला सख्ख्या बहिणी. मग दीडशेचीच का घेऊ नये?

प्रश्न किरकोळ वाटतो खरा. पण त्या दीडशेच्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला साठ हजारांचा लॅपटॉप लटकलेला असतो. म्हणून या प्रश्नाचं उत्तर देताना मी जरा जपून असतो. आणि ते उत्तर नीट द्यायचं तर थोडं इतिहासात शिरावं लागतं. तर मंडळी, चला.

यूएसबी यायच्या आधी कॉम्प्युटरच्या मागे बघितलं तर प्रदर्शनच असायचं. प्रिंटरसाठी पंचवीस पिनांचा लांबलचक पॅरलल पोर्ट, मोडेमसाठी नऊ पिनांचा सीरियल पोर्ट, कीबोर्ड आणि माऊससाठी आयबीएमने १९८७ साली आणलेले गोल पीएस/२ पोर्ट. कटकट होती, पण एक मोठी सोय होती. प्रिंटरची वायर मोडेमच्या भोकात जायचीच नाही. कुठलं काय ते आकारच सांगायचा. अपवाद एकच, कीबोर्ड आणि माऊसची भोकं हुबेहूब सारखी. आणि लोक नेमकी तीच उलटसुलट लावायचे! शेवटी नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांना रंग दिले: कीबोर्डला जांभळा, माऊसला हिरवा. ही रंगाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या जंजाळातून सुटका करायला १९९४ साली सात कंपन्या एकत्र आल्या: इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक, डेक, एनईसी आणि नॉर्टेल. इंटेलमधल्या चमूत पुढे होते ते अजय भट्ट, म्हणजे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेला आपल्या शेजारचाच माणूस. जानेवारी १९९६ मध्ये यूएसबी १.० आलं. आत चारच तारा: एक वीज, एक अर्थ, दोन डेटाच्या. वेग जास्तीत जास्त १२ मेगाबिट. प्लग उलटसुलट कसाही जावा अशी सोय तेव्हाही करता आली असती, पण त्यासाठी तारा आणि सर्किट वाढले असते, खर्च जवळजवळ दुप्पट झाला असता, असं भट्टांनी नंतर मुलाखतीत सांगितलं आहे. म्हणून मग "आधी उलटी, मग सुलटी, मग परत उलटी" हा खेळ आपण वीस वर्षं खेळलो.

पण त्या जुन्या डिझाइनमधली एक हुशारी आपल्या लक्षातच येत नाही. वायरीची दोन टोकं मुद्दाम वेगळी होती. चपटं टोक कॉम्प्युटरकडे, चौकोनी टोक प्रिंटरकडे. वीज नेहमी चपट्याकडून चौकोनीकडे. दोन कॉम्प्युटर एकमेकांना जोडून गोंधळ घालायची सोयच नव्हती, कारण तशी वायर नियमात नव्हती. कुणी कुणाला वीज द्यायची हा नियम पत्र्याच्या आकारातच घडवलेला होता. मावशीला ओहमचा नियम माहीत असायची गरज नव्हती.

सुरुवात काही दणक्यात झाली नाही. २० एप्रिल १९९८ ला शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात मायक्रोसॉफ्टने भर स्टेजवर विंडोज ९८ ला यूएसबी स्कॅनर जोडून दाखवला, आणि पडदा निळा झाला. शेजारी साक्षात बिल गेट्स! पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ॲपलचा आयमॅक बाजारात आला, आणि त्यात जुने पोर्ट काढून टाकून सरळ यूएसबी दिलं होतं. एप्रिल २००० मध्ये यूएसबी २.० आलं, ४८० मेगाबिटचं. त्याच वर्षी ८ एमबीचे पहिले पेन ड्राइव्ह विकायला आले, आणि १.४४ एमबीच्या फ्लॉपीचे दिवस भरले.

इकडे मोबाइलवाल्यांनी मात्र आपापली चूल वेगळी मांडली होती. नोकियाची जाड पिन, नोकियाची बारीक पिन, सोनी एरिक्सनची दातेरी पट्टी, सॅमसंगचं तिसरंच काहीतरी. लग्नाच्या हॉलवर "बारीक पिन आहे का कुणाकडे?" अशी आरोळी ऐकल्याचं मलाही आठवतंय, तेव्हा मी शाळेत होतो. युरोपियन कमिशनच्या हिशेबाने २००९ साली तिकडे ३० प्रकारचे चार्जर होते. त्या वर्षी कंपन्यांनी मायक्रो यूएसबीवर समझोता केला आणि आकडा तीनवर आला. तोही समझोता स्वखुशीचा होता, सक्तीचा नव्हता.

आणि मग ऑगस्ट २०१४ मध्ये आली टाइप सी. दोन्ही टोकं सारखी, कशीही खुपसा, २४ पिना. चार्जर, स्क्रीन, हार्ड डिस्क, हेडफोन, सगळ्याला एकच. मार्च २०१५ मध्ये ॲपलने तर अख्ख्या मॅकबुकला एकच टाइप सी पोर्ट दिला. वीस वर्षांचं स्वप्न पूर्ण झालं म्हणायचं.

पण दोन्ही टोकं सारखी झाली, तर मग वीज कुणी कुणाला द्यायची? किती द्यायची? जो नियम आधी आकारात होता तो कुठे गेला? तर तो गेला एका इवल्याशा रेझिस्टरमध्ये. एका बाजूला जुना चपटा प्लग आणि दुसऱ्या बाजूला टाइप सी अशी वायर असेल, तर टाइप सीच्या टोकात ५६ किलोओहमचा रेझिस्टर असायला हवा. त्याचा अर्थ फोनला कळतो तो असा: "बाबा रे, पलीकडे जुना चार्जर आहे, बेताने घे." तिथे कुणी १० किलोओहमचा बसवला तर अर्थ होतो "घे बिनधास्त तीन अँपियर!" फोन बिचारा विश्वास ठेवतो. पलीकडे मात्र अर्ध्या अँपियरचा कॉम्प्युटरचा पोर्ट असतो. खोटं बोलली वायर, भोगलं पोर्टाने.

हे सगळं जगाला कळलं ते एका माणसाच्या चिकाटीमुळे. बेन्सन ल्युंग हा गूगलमधला इंजिनियर, क्रोमबुक पिक्सेलवर काम करणारा. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्याने अमेझॉनवरच्या टाइप सी वायरी विकत घेऊन तपासायला सुरुवात केली, आणि प्रत्येकीखाली ग्राहक म्हणून अभिप्राय लिहायला लागला. कुठली नियमात बसते, कुठली नाही, आणि का. कित्येक वायरींत तोच १० किलोओहमचा रेझिस्टर निघाला. एका मोबाइल कंपनीने तर चूक कबूल करून पैसे परत देऊ केले. फेब्रुवारी २०१६ मध्ये एका वायरीने कळस केला. तिच्यात वीज आणि अर्थच उलटे जोडले होते! लावता क्षणी त्याच्या लॅपटॉपचे दोन्ही पोर्ट मेले, आणि तपासणीची यंत्रंही गेली. मार्च २०१६ च्या अखेरीस अमेझॉनने नियमात न बसणाऱ्या टाइप सी वायरी विकायला बंदी घातली.

मला या गोष्टीचं फार कौतुक वाटतं. त्याच्याकडे प्रयोगशाळेचा शिक्का नव्हता, सरकारी अधिकार नव्हता. "काय घेऊ?" या मावशीछाप प्रश्नाचं त्याने फक्त मनापासून उत्तर दिलं. आपण लोकांना घ्यायला सांगतो ते आधी स्वतः उघडून बघायचं, एवढंच.

असो. आता थोडं गणित, कारण त्याशिवाय किमतीतला फरक कळणार नाही. स्वस्त वायरीत तांबं कमी असतं. २८ गेजच्या तांब्याच्या तारेचा विरोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. मीटरभर वायर म्हणजे जाऊन-येऊन दोन मीटर तार, म्हणजे ०.४२ ओहम. त्यातून दोन अँपियर गेले की ०.८४ व्होल्ट वाटेतच खलास. चार्जरने दिले ५, फोनला पोचले जेमतेम ४.१६. हीच तार २४ गेजची जाड असेल तर तूट ०.३४ व्होल्टच्या आसपास. "चार्जर चांगला आहे पण फोन रात्रभर भरत नाही" या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथे असतं. म्हणूनच लॅपटॉपला वीज देताना यूएसबी पाच व्होल्टवर थांबत नाही, २० पर्यंत चढतं. ६० वॅट पाच व्होल्टने पाठवायचे तर १२ अँपियर लागतील, २० व्होल्टने तीनच. गावाबाहेरून जाणाऱ्या हाय टेन्शनच्या तारांचं तत्त्व तेच. २०२१ च्या नियमांत हा आकडा ४८ व्होल्ट, पाच अँपियर, म्हणजे २४० वॅटपर्यंत गेला. मात्र तीन अँपियरच्या वर जायचं तर वायरीच्या टोकात "मला हे झेपतं" असं सांगणारी छोटी चिप लागते. तिला ई-मार्कर म्हणतात.

आणि वेगाचा घोळ तर विचारूच नका. २००८ साली आलेलं यूएसबी ३.० पुढे ३.१ जेन १ झालं, मग ३.२ जेन १ झालं. वस्तू तीच, बारसं तीनदा! वर टाइप सी म्हणजे वेगवान असंही नाही. २०२३ च्या आयफोन १५ प्रोचा पोर्ट १० गिगाबिटचा, पण डब्यातली वायर मात्र २००० सालच्या ४८० मेगाबिटचीच.

तर एवढं पुराण ऐकल्यावर आता माझ्या शिफारशी. मावशीला सांगतो त्याच.

फोनसाठी: दोन्ही बाजूंना टाइप सी, एक मीटर, ६० वॅट. नियमात बसणारी कुठलीही सी-ते-सी वायर निदान एवढं करतेच. ओळखीच्या कंपनीची घ्या, पण पंधराशे घालवू नका. फोन ८० वॅटच्या खास चार्जिंगचा असेल तर त्याच्या डब्यातलीच वायर आणि चार्जर जपून ठेवा, दुसऱ्या चार्जरवर तो बहुतेक हळूच भरेल.

लॅपटॉपसाठी: ६० वॅटच्या आतला असेल तर वरचीच चालेल. त्याहून मोठा असेल तर वायरीवर २४० वॅट छापलेलं बघा. इथे पैसे द्या, वाचवू नका.

एसएसडी किंवा मॉनिटरसाठी: सोबत आलेली वायर वापरा. नवीन घ्यायची तर १०, २० किंवा ४० गिगाबिट असा आकडा वायरीवर हवा. आणि आखूड घ्या. ४० गिगाबिटची साधी वायर साधारण ८० सेंटिमीटरपर्यंतच असते.

चार्जरसाठी: बीआयएसचा शिक्का आणि खाली आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. तो सरकारच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून कंपनी जुळते का ते तपासता येतं. एक मिनिटाचं काम आहे. "६५ वॅटच्या चार्जरला फोन लावला तर जळेल का?" नाही. सुरुवात पाच व्होल्टनेच होते, पुढचं फोन मागेल तसं. फक्त मधली वायर खरं बोलणारी हवी.

घेऊच नये असं: एका बाजूला चपटा प्लग आणि दुसऱ्या बाजूला टाइप सीचं भोक असलेला बुटका ॲडाप्टर, आणि टाइप सीची एक्स्टेन्शन वायर. दोन्ही मूळ नियमांत बसत नाहीत, तरी सर्रास मिळतात.

भारतात बीआयएसने जानेवारी २०२३ मध्ये टाइप सीचं मानक जाहीर केलं. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना ते सक्तीचं झालं, आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. कचरा कमी होईल, लग्नाच्या हॉलवरची आरोळीही बंद होईल. हे चांगलंच आहे. पण भोक एक झालं म्हणून वायर एक झाली असं कायद्यालाही म्हणता येत नाही.

पीएस/२ ला जांभळा-हिरवा रंग का द्यावा लागला ते आठवतंय ना? तसंच काहीतरी घरी करा. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नावं घालायची पद्धत आहे, कारण पंक्तीच्या गर्दीत सगळी पातेली सारखीच दिसतात. नवी वायर डब्यातून काढलीत की टोकाला चिकटपट्टी लावून त्यावर पेनाने आकडा लिहा: ६०, २४० किंवा ४० जी. पुढच्या वेळी मला फोन करावा लागणार नाही :-)