उच्छ्वासातून रोगनिदान : नाकापासून संवेदकापर्यंत

मधुमेही रुग्णाची शुद्ध हरपू लागली, की त्याच्या उच्छ्वासाला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास येतो. इन्शुलिनचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी डॉक्टरांना हे ठाऊक होते. इ. स. १८५७ मध्ये प्राग येथे विल्हेल्म पेटर्स यांना मधुमेहीच्या मूत्रात ॲसिटोन सापडले आणि या वासाचा उलगडा होऊ लागला. पेशींना साखर वापरता आली नाही, की शरीर चरबीकडे वळते. त्यातून कीटोन पदार्थ तयार होतात आणि त्यांपैकी सहज वाफ होणारे ॲसिटोन फुप्फुसांवाटे बाहेर पडते. पण हा वास ज्यांना येतच नाही, अशी माणसेही असतात, डॉक्टरांतही असतात. निदान नाकावर सोपवणे म्हणूनच धोक्याचे होते.

उच्छ्वास मोजणारे उपकरण प्रथम रुळले ते मात्र पोलिसांच्या हाती. १९५४ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्यात रॉबर्ट बॉर्केन्स्टाइन यांनी 'ब्रेथॲलायझर' तयार केले. उच्छ्वासातील अल्कोहोलमुळे पोटॅशियम डायक्रोमेटचा पिवळा रंग फिका होतो. तो किती फिका झाला हे प्रकाशविद्युत घटाने मोजायचे. यामागे आपण वर्गात शिकवतो तो हेन्रीचा नियम आहे. २,१०० मिलिलिटर उच्छ्वासात जेवढे अल्कोहोल, तेवढेच १ मिलिलिटर रक्तात, असे प्रमाण त्यासाठी धरले गेले.

१९७१ मध्ये लायनस पाउलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्छ्वास थंड नळीत गोठवला, पुन्हा तापवला आणि वायुवर्णलेखन यंत्रातून त्याचे घटक वेगळे केले. सुमारे २५० पदार्थ निघाले! एवढा मजकूर श्वासात असेल, तर त्यात रोगांच्या खुणाही असणार, असे अनेकांना वाटू लागले. पण ते यंत्र मोठे आणि महागडे. दवाखान्यातील टेबलावर मावणारे नव्हते.

स्वस्त संवेदक आला तो अगदी वेगळ्या गरजेतून. जपानमध्ये घरोघरी सिलिंडरचा गॅस पोहोचला, तसे गळतीचे स्फोटही होऊ लागले. १९६२ मध्ये क्यूशू विद्यापीठातील सेयामा यांनी झिंक ऑक्साइडच्या पातळ थराने वायू ओळखता येतो हे दाखवले. त्याच सुमारास नाओयोशी तागुची यांनी कथिलाच्या ऑक्साइडचा संवेदक बनवला व १९६८ मध्ये तो बाजारात आला. हा अर्धवाहक ३०० ते ४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला, की हवेतील ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागाला चिकटतो व इलेक्ट्रॉन अडवून ठेवतो, विद्युतरोध वाढतो. ज्वलनशील वायू आला, की त्याची या ऑक्सिजनशी अभिक्रिया होते, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध उतरतो. युक्ती किती सोपी! पण संवेदक भोळा आहे. अल्कोहोल, हायड्रोजन, ॲसिटोन, सगळ्यांना तो सारखाच फसतो. शिवाय उच्छ्वास बाष्पाने जवळजवळ संपृक्त असतो आणि बाष्पही त्याला चकवते. पावसाळ्यात असे संवेदक हाताळणाऱ्यांना हे निराळे सांगायला नको.

यावर १९८२ मध्ये इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठात कृष्णा पर्सॉद व जॉर्ज डॉड यांनी तोड सुचवली. एकच अचूक संवेदक शोधण्याऐवजी त्यांनी थोडेथोडे वेगळे असे तीन भोळे संवेदक एकत्र ठेवले आणि त्यांच्या प्रतिसादांच्या प्रमाणावरून वास ओळखला. आपले नाकही काहीसे असेच काम करते. या 'इलेक्ट्रॉनिक नाका'ने पुढे फुप्फुसाचा कर्करोग, क्षय असे रोग हुंगायला सुरुवात केली. एका रुग्णालयात उत्तम आलेले निष्कर्ष दुसरीकडे मात्र अनेकदा टिकले नाहीत. त्यात नवल नाही. रुग्ण आणि निरोगी यांच्यात रोगाखेरीज वय, धूम्रपान, औषधे, आहार, एवढेच काय, आसपासची हवासुद्धा वेगळी असते. आकृतिबंध शिकणारे यंत्र रोगाऐवजी वॉर्डातले फिनेल शिकून बसू शकते.

याउलट दम्याची चाचणी पाहा. १९९१ मध्ये स्वीडनमधील संशोधकांना उच्छ्वासात नायट्रिक ऑक्साइड आढळले. १९९३ मध्ये दमेकऱ्यांत ते जास्त असल्याचे दिसले. श्वासनलिकेला विशिष्ट प्रकारची सूज आली, की तेथील पेशी हा वायू अधिक बनवतात. येथे वायू एकच आणि त्याचे कारणही माहीत. २००३ मध्ये अमेरिकेत या चाचणीच्या उपकरणाला मान्यता मिळाली. सुरुवातीचे यंत्र अवजड होते, पुढे हातात धरता येईल असा विद्युतरासायनिक संवेदक आला. प्रौढांत अब्जात २५ भागांहून कमी प्रमाण असेल, तर अशी सूज संभवत नाही. ५० हून जास्त असेल, तर ती असण्याचा संभव मोठा, असे डॉक्टर धरतात. दूध न पचणाऱ्यांच्या आतड्यातील जिवाणू हायड्रोजन सोडतात, त्याची चाचणीही याच जातीची.

मग सर्वांत जुना, कारणासह माहीत असलेला ॲसिटोनचा वास मागे का पडला? संवेदक आता दशलक्षात एका भागाहूनही कमी ॲसिटोन पकडतात. अडचण शरीराची आहे. कडक एकादशी करणाऱ्या निरोगी माणसाच्या उच्छ्वासातही ॲसिटोन वाढते, तर रक्तातील साखर भरमसाट असलेल्या, पण थोडेफार इन्शुलिन बनवणाऱ्या मधुमेहीच्या उच्छ्वासात ते जवळजवळ नेहमीइतकेच असू शकते. ॲसिटोन चरबी किती जळते आहे हे सांगते. रक्तात साखर किती, हे सांगत नाही. बोटाला सुई टोचून घेण्यापासून मधुमेह्यांची त्यामुळे अजून सुटका झालेली नाही.