जहाजाची ओसरी

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरात ‘एसएस रॉटरडॅम’ हे जुनं प्रवासी जहाज २००८ पासून कायमचं धक्क्याला लागलेलं आहे. त्याचं आता हॉटेल झालंय आणि तिकीट काढून ते आतून बघताही येतं. येणारे लोक नाचाचा हॉल बघतात, भोजनगृहं बघतात, ब्रिजवर जाऊन फोटो काढतात, इंजिनघरात उतरतात आणि दडपून वर येतात. जहाजाच्या कडेकडेने धावणाऱ्या ज्या लांबलचक सज्जातून मधूनमधून जावं लागतं, त्याच्याकडे मात्र कुणी वळून बघत नाही. हा प्रोमेनाड डेक, म्हणजे प्रवाशांनी फेऱ्या मारायची जागा. घराला ओसरी असते तशी ही जहाजाची ओसरी: पुरती आत नाही, पुरती बाहेर नाही.

मला विचाराल तर जुन्या प्रवासी जहाजात बघण्यासारखी खरी चीज हीच. आतल्या दालनांचं कूळ जमिनीवरचं आहे. कुठल्याशा महालाची, हॉटेलाची, क्लबाची ती नक्कल. फेऱ्या मारायचा हा सज्जा मात्र जहाजावरच जन्मला, आणि तोही सुखासुखी नव्हे.

शिडाच्या जहाजावर डेक ही कामाची जागा होती. दोरखंडांची वेटोळी, होड्या, कोंबड्यांची खुराडी आणि सतत धावणारे खलाशी यांच्या मधे प्रवासी म्हणजे अडगळच. वाफेची इंजिनं आली तरी सुरुवातीला फार फरक पडला नाही. कुनार्ड कंपनीच्या पहिल्या ‘ब्रिटानिया’वर तर दुधासाठी एक गायही डेकवरच बांधलेली असे. १८४२च्या जानेवारीत चार्ल्स डिकन्स याच बोटीने अमेरिकेला गेला. तिचा दिवाणखाना त्याला खिडक्या बसवलेल्या शववाहिनीसारखा वाटला आणि आपली खोली म्हणजे निव्वळ थट्टा. परतीचा प्रवास त्याने आगबोटीने केलाच नाही, शिडाच्या जहाजाने केला.

इंजिनिअर ब्रुनेलच्या ‘ग्रेट ब्रिटन’ या जहाजाचं १८४३ साली ब्रिस्टलला जलावतरण झालं. वर पाऊस, वारा आणि लाटा; मग प्रवाशाने पाय कुठे मोकळे करायचे? ब्रुनेलने फिरण्याची जागाच डेकच्या खाली, आत घेतली. भोजनगृहाच्या डोक्यावर एक लांब दालन, दोन्ही बाजूंना खोल्या, वरून काचेच्या झरोक्यांतून येणारा उजेड. चालायला कोरडी जागा मिळाली, पण समुद्र दिसेना. हे जहाज ब्रिस्टलमध्ये जपून ठेवलेलं आहे आणि ते दालनही बघायला मिळतं. कल्पना चांगली होती, तरी तिला बळ मिळालं नाही. माणूस जहाजावर फिरायला निघतो तो चार भिंतींत फिरायला नव्हे.

खरा बदल झाला तो यंत्रामुळे. शिडांच्या काळापासून मानाची जागा पिछाडीला. कप्तान तिथे, बडे प्रवासीही तिथेच. बाजूंच्या चाकांवर चालणाऱ्या बोटींतही ही रीत खपून गेली, कारण इंजिन जहाजाच्या मध्यावर होतं. मग चाकांच्या जागी पंखा आला आणि तो बसला नेमका पिछाडीखाली. सर्वांत महाग तिकीट काढलेल्या माणसाच्या उशाखाली अहोरात्र धडधड सुरू झाली. शिवाय जहाज लाटेवर चढतं-उतरतं तेव्हा दोन्ही टोकं सर्वांत जास्त हलतात, मधला भाग सर्वांत कमी. हे सगळ्यांना दिसत होतं, पण जुनी रीत कोण मोडणार? व्हाइट स्टार कंपनीने ती १८७१च्या ‘ओशनिक’वर मोडली. बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फने बांधलेल्या या जहाजात पहिल्या वर्गाचा दिवाणखाना मध्यावर आला, जहाजाच्या पूर्ण रुंदीचा झाला, खिडक्या मोठ्या झाल्या. डेकच्या कडेची उंच बंद भिंत काढून तिथे लोखंडी कठडा आला. आत शिरलेलं पाणी चटकन वाहून जावं हा त्याचा एक फायदा. दुसरा फायदा असा की कठड्याला रेलून उभ्या राहिलेल्या माणसाला प्रथमच सरळ समुद्र दिसू लागला. प्रोमेनाड डेकचा जन्म इथला, असं मी धरतो.

इथून पुढे जहाजं वर वाढत गेली. पोलादामुळे मजल्यावर मजले चढले आणि प्रत्येक मजल्याला कडेचा सज्जा मिळाला. त्यावर सागवानी फळ्या, फटींत काथ्या ठासून वर डांबर. पहाटे खलाशी गुडघ्यांवर बसून वाळू आणि दगडाने त्या फळ्या घासून पांढऱ्या करत. इथे आपल्या किनाऱ्याचा खरा संबंध येतो. पी अँड ओ कंपनीच्या पूर्वेकडच्या बोटींवर डेकचे खलाशी बरेचसे गुजरात-कोकणच्या किनाऱ्यावरचे असत, त्यांच्यावर सारंग आणि टंडेल; भोजनगृहातले वाढपी मात्र गोव्याचे. हे गोवेकर दोन बोटींच्या मधल्या काळात मुंबईत धोबीतलाव भागातल्या गावोगावच्या कुडांत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडांत, उतरत. साहेब न्याहारीनंतर ज्या डेकवर रपेट मारायचा, तो त्याला जाग येण्याआधी कुणीतरी धुऊन ठेवलेला असे. जहाजांच्या चकचकीत पुस्तकांत या माणसांना फार तर एखाद्या छायाचित्राची कड मिळते.

डेकवर वेळ कसा काढायचा यावर खेळ निघाले. चेंडू समुद्रात जातो म्हणून दोराचं कडं वळून ते जाळ्यावरून फेकायचं आणि झेलायचं, हे डेक टेनिस. तेच जमिनीवर उतरलं, दोराचं रबर झालं, आणि महाराष्ट्रातल्या शाळांच्या मैदानांवर मुली जो टेनिकॉइट खेळतात, तो झाला.

पण इतकं होऊनही डेक हा प्रवासातला विरंगुळा होता; प्रवासाचं कारण नव्हता. ते कारण त्याला मिळवून दिलं हॅम्बुर्गच्या आल्बर्ट बालिनने. तो हापाग कंपनीचा कारभारी. उत्तर अटलांटिकवर हिवाळ्यात वादळं, प्रवासी थोडे, आणि ‘आउगुस्ता व्हिक्टोरिया’सारखं नवंकोरं महागडं जहाज रिकामं पडून. नुसतं उभं राहिलं तरी जहाज पैसे खातं. बालिनने ते भूमध्य समुद्रात सहलीला पाठवायचं ठरवलं. २२ जानेवारी १८९१ रोजी २४१ प्रवासी घेऊन ते कुक्सहाफेनहून निघालं आणि सुमारे दोन महिन्यांनी परत आलं. कुठे पोचायचं म्हणून कुणी चढलेलंच नव्हतं. जिथून निघाले तिथेच सगळे उतरणार होते. बालिन स्वतः बायकोसह बरोबर गेला. याआधीही सागरी सहली झाल्या होत्या (कादंबरीकार थॅकरे १८४४ साली पी अँड ओच्या कृपेने फुकटात भूमध्य समुद्र फिरून आला होता आणि त्यावर त्याने पुस्तकही लिहिलं), पण क्रूझ हा धंदा म्हणून उभा राहिला तो या रिकाम्या हिवाळ्यातून. गंमत म्हणजे ज्या सम्राज्ञीचं नाव जहाजाला दिलं होतं तिचं नाव ‘आउगुस्ते’. चुकीचं नाव कित्येक वर्षं मिरवल्यावर ते दुरुस्त झालं.

पुढे याच बालिनने केवळ सहलींसाठी ‘प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईझे’ बांधवून घेतली. १९०० साली ती पाण्यात उतरली. फक्त पहिला वर्ग, १२० खोल्या, ग्रंथालय, व्यायामशाळा, आणि हौशी छायाचित्रकारांसाठी अंधारी खोली. जहाजाचा आकार यॉटसारखा डौलदार. १९०६ साली जमैकाजवळ ती खडकावर चढली आणि संपली.

आतल्या दालनांकडे मात्र बालिनचं लक्ष हॉटेलवाल्याच्या नजरेने गेलं. पॅरिसचं रिट्झ हॉटेल सजवणारा शार्ल मेव्हेस त्याने जहाजांसाठी आणला. मेव्हेसचा इंग्लंडमधला भागीदार आर्थर डेव्हिस याने पुढे उघडच सांगितलं की प्रवाशांना आपण बोटीवर आहोत हे विसरायचं असतं, म्हणून जहाजाला हॉटेलासारखं करायचं. झालंही तसंच. खांब, गालिचे, शेकोट्या, ताडाची झाडं. या घराण्याचा एकच पराक्रम मला मनापासून आवडतो. धुरांडी जहाजाच्या मधोमध वर जातात, त्यामुळे प्रत्येक मोठ्या दालनाच्या पोटातून धुराचा नळ जायचा. १९१४च्या ‘फाटरलांट’मध्ये हे नळ दुभंगून दोन्ही कडांना नेले, आणि जहाजाच्या मध्यातून एका दालनातून पुढच्या दालनात नजर थेट जाऊ लागली. फ्रेंचांनी १९३५च्या ‘नॉर्मंडी’वर हीच युक्ती शिगेला नेली. तिचं भोजनगृह सुमारे ३०० फूट लांब होतं, आणि त्या एवढ्या दालनाला खिडकी एकही नव्हती. दिवे होते. समुद्र विसरण्याची ही हद्द.

दरम्यान बाहेरच्या सज्जावर दोन संकटं आली. एक होड्यांचं. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडाल्यावर सर्वांना पुरतील इतक्या जीवरक्षक होड्या ठेवणं भाग पडलं. त्या वरच्या डेकच्या दोन्ही कडांना रांगेने टांगल्या गेल्या, आणि तिथे उभ्या असलेल्या माणसाला समुद्राऐवजी होडीचं पोट दिसू लागलं. दुसरं संकट वर्गांचं, आणि ते जुनंच होतं. जहाजाचा मधला तुकडा पहिल्या वर्गाचा, पिछाडी दुसऱ्याची, टोकाकडची वाऱ्याची आणि फवाऱ्याची जागा तिसऱ्याची. मधे कुलूपबंद फाटकं. १९३६च्या ‘क्वीन मेरी’वरही, जी आता कॅलिफोर्नियात लाँग बीचला उभी आहे, तीन वर्ग होते आणि तीन वेगळ्या चालायच्या जागा. थोडक्यात, हजार फुटांच्या जहाजाला पूर्ण फेरी मारणं कुणाच्याच नशिबी नव्हतं.

‘रॉटरडॅम’ची थोरवी इथे कळते. १९५९ साली ती न्यूयॉर्कच्या वाटेला लागली तेव्हा जेट विमानं अटलांटिक ओलांडू लागून वर्षही झालं नव्हतं. पण तिच्या रचनाकारांनी हा दिवस आधीच ओळखला होता. उन्हाळ्यात दोन वर्गांचं वाहतुकीचं जहाज, हिवाळ्यात एकाच वर्गाचं सहलीचं, असा दुहेरी संसार तिला करायचा होता. त्यांनी वर्ग आडवे मांडले. पुढे-मागे तुकडे पाडण्याऐवजी एकेका वर्गाला मजलेच दिले, म्हणजे दोघांनाही जहाजाची लांबी मिळाली. प्रश्न राहिला जिन्याचा. दोन्ही वर्गांना वर-खाली जायचंय, तेही जहाजाच्या मध्यावरूनच, आणि एकमेकांना भेटायचं नाहीये. उत्तर म्हणून दोन जिने एकमेकांत गुंफले, फ्रान्समधल्या शांबोरच्या किल्ल्यात आहेत तसे. एकावरून चढणारा माणूस आपल्याच वर्गाच्या मजल्यांवर बाहेर पडतो, आणि हातभर अंतरावरून दुसऱ्या वर्गाचं कुणी उतरतंय याचा त्याला पत्ता नसतो. मधल्या सरकत्या भिंती बाजूला केल्या की वर्ग संपले आणि सगळं जहाज सगळ्यांचं झालं. जहाज बघायला गेलात तर या जिन्यापाशी पाच मिनिटं जास्त थांबा. समाजातली उतरंड सुतारकामात इतक्या सफाईने बसवलेली, आणि तितक्याच सफाईने काढून घेता येणारी, दुसरीकडे क्वचित दिसते.

होड्यांचा प्रश्न ‘कॅनबरा’ने सोडवला. पी अँड ओच्या १९६१च्या या जहाजात होड्या काही मजले खाली घेतल्या आणि खोबणींत बसवल्या. वरचे डेक मोकळे झाले. आजची बहुतेक सगळी क्रूझ जहाजं होड्यांच्या बाबतीत तिचीच वारस आहेत.

आणि मग, ओसरी जिंकली असं वाटत असतानाच, ती भाड्याने गेली. फ्रान्सचं ३१६ मीटर लांबीचं ‘फ्रान्स’ हे जहाज १९७९ साली नॉर्वेच्या क्लोस्टर या जहाजमालकाने विकत घेतलं आणि ‘नॉर्वे’ नावाने मायामीहून कॅरिबियन सहलींवर लावलं. तिचे दोन्ही बाजूंचे काचबंद प्रोमेनाड सज्जे त्याने रस्ते केले. एकाचं नाव फिफ्थ ॲव्हेन्यू, दुसऱ्याचं शाँझेलिझे. आणि रस्ता म्हटला की दुकानं आली. १९८४च्या ‘रॉयल प्रिन्सेस’ने सगळ्या खोल्या बाहेरच्या बाजूला आणून त्यांतल्या पुष्कळांना स्वतःचा सज्जा दिला. ते प्रवाशाला आवडलं आणि कंपनीला त्याहून जास्त, कारण सज्जाची खोली महाग विकली जाते. सगळ्यांच्या फेऱ्यांची जागा कुणाच्याच बिलात मांडता येत नाही. १९९९च्या ‘व्हॉयेजर ऑफ द सीज’वर तर प्रोमेनाड पुन्हा जहाजाच्या पोटात शिरला: चार मजले उंच रस्ता, दोन्हीकडे दुकानं आणि कॅफे, आणि रस्त्यावर खिडक्या उघडणाऱ्या खोल्या. अशा खोलीचं भाडं भरून लोक समुद्राऐवजी बाजार बघतात.

‘नॉर्वे’ २००६ साली गुजरातमध्ये अलंगच्या किनाऱ्यावर आली. तिच्यातल्या ॲस्बेस्टॉसवरून सर्वोच्च न्यायालयात वाद झाला, २००७ साली परवानगी मिळाली आणि तोडकाम सुरू झालं. अलंगला जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा जहाजी सामानाची दुकानं मैलभर पसरलेली आहेत. तिथे खुर्च्या, आरसे, गाद्या, कपबशा, स्वयंपाकघरातली भांडी, दिवे, दारं असं सगळं सुटं सुटं विकायला असतं. पोलादाचे पत्रे गिरण्यांत जातात आणि त्यांच्या बांधकामाच्या सळया होतात. डेकच्या सागवानी फळ्यांना भाव चांगला येतो. त्यांची टेबलं करतात.