ओसरीवरचा रेडिओ

गोमंतकातील सामाजिक स्थित्यंतराचा विचार करताना आपण देवस्थाने, जमिनी आणि निवडणुका यांची चर्चा करतो. घराच्या ओसरीवर येऊन बसलेल्या एका लाकडी पेटीची दखल सहसा घेतली जात नाही. ती घ्यावी असे मला वाटते.

फोंडा महालातील आमच्या घरी रेडिओ आला तो १९५६ साली. भारताने त्या सुमारास गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली होती, आणि पोर्तुगीज सरकार परदेशी माल मुक्तहस्ते आणवीत होते. बटाटेदेखील हॉलंडहून येत; त्याच देशाचा फिलिप्स रेडिओ आमच्याकडे आला, यात नवल नव्हते. गावात वीज नव्हती. विटेहून मोठ्या कोरड्या बॅटरीवर तो चाले आणि ती बॅटरी महाग, म्हणून ऐकण्याचे तास ठरलेले. आढ्यापासून समोरच्या माडापर्यंत तांब्याची तार ताणलेली असे. पावसाळ्यात गडगडू लागले की बाबा प्रथम ती सोडवीत.

१९४६ साली सुरू झालेले 'एमिसोरा द गोवा' हे सरकारी केंद्र उघडपणे ऐकले जाई. दुसरे एक केंद्र मात्र दार लोटून, आवाज बारीक करून ऐकायचे. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी आंबोलीच्या जंगलातून 'गोंयचे सोडवणेचो आवाज' सुरू झाला. पुढे ते केंद्र कॅसलरॉकला हलले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघे ते कोंकणी व पोर्तुगीज भाषांतून चालवीत. राज्यकर्त्यांना त्यांच्याच भाषेत निर्भयपणे सुनावणारी स्त्री आमच्या घरातल्या बायकांनी तोवर कल्पिलेलीही नव्हती. माजघराच्या दाराआड उभी राहणारी माझी आत्या पोर्तुगीजचा शब्द न कळताही ते भाषण संपेपर्यंत हलत नसे.

परंतु खरा पेच गाण्याचा होता. केसरबाई केरकर केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या. देवळांशी बांधल्या गेलेल्या कलावंत समाजाने हिंदुस्थानी संगीताला दिलेल्या या थोर गायिका. त्या समाजातल्या गायिकेला उत्सवात मान होता, घरात आसन नव्हते. आमच्याकडे केसरबाईंची तबकडी लागे तेव्हा आजी म्हणे, "गळा देवाचा आहे गो," आणि आत्या तीच चीज गुणगुणू लागली की तीच आजी, "हे आपल्या घरातल्या मुलींचे काम नव्हे," म्हणून तिला गप्प करी. यंत्राने आवाज माणसापासून सुटा केला होता. आवाजाला ओसरी मोकळी झाली. माणसाचा प्रश्न तसाच राहिला. रेडिओने समता आणली असे म्हणणाऱ्यांशी म्हणूनच मी सहमत नाही. त्याने ढोंग आणखी सोयीचे केले, आणि त्याच वेळी मुलींच्या कानांत सूर भरून ते ढोंग टिकणे अवघडही केले.

१८ डिसेंबर १९६१ रोजी बांबोळीचे बिनतारी केंद्र बाँबहल्ल्यात निकामी झाले. दुसऱ्या दिवशी लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर गोवा मुक्त झाल्याची घोषणा केली. दोनच वर्षांनी, डिसेंबर १९६३ मध्ये, दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. ते गोमंतक मराठा समाजाचे, म्हणजे ज्या समाजाला आमच्या ओसरीवर बसवले जात नसे त्याच समाजाचे. गावातले जे वृद्ध त्या वेळी नाराज होते, ते त्यांच्या सरकारने उघडलेल्या शाळांत नातवंडे मात्र विनातक्रार पाठवीत होते.

केसरबाईंच्या गाण्याचा एक ध्वनिमुद्रित अंश १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेला. माझ्या दृष्टीने याहून मोठी गोष्ट केरीत आहे: त्यांच्या एका राहत्या घराच्या जागी आज त्यांच्या नावाची शाळा भरते.

आमच्या आत्याने पणजी आकाशवाणीची चाचणी दिली ती १९६६ साली, लग्नानंतर, नवऱ्याच्या संमतीने. पहिल्या प्रसारणाच्या दिवशी आजी रेडिओसमोर पाट घेऊन बसली. तिची अट एकच होती: निवेदकाने माहेरचे आडनाव सांगू नये. ते सांगितले गेले नाही. आत्याने मात्र त्या सकाळी केसरबाईंच्या तबकडीवरची तीच चीज गायिली.