वीरगळ
लढाईत, गुरे सोडवताना किंवा गावाचे रक्षण करताना मेलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला कोरीव दगड. शब्द कन्नडमधून आला. ‘कल्लु’ म्हणजे दगड. शिळेवर बहुधा तीन-चार चौकटी असतात आणि त्या खालून वर वाचायच्या. तळाशी आडवा पडलेला वीर किंवा चाललेली झुंज, मध्ये त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य व कलश. गुरांच्या रक्षणात मेला असेल तर गाईही कोरलेल्या दिसतात. शेजारच्या शिळेवर बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला हात असेल, तर ती सतीशिळा.

बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ विशेष मोलाचे आहेत: त्यांवर वल्ह्यांच्या नौकांची लढाई कोरली आहे. यादव राजा महादेव आणि कोकणचा शिलाहार सोमेश्वर यांच्या तेराव्या शतकातील संघर्षाशी अभ्यासक तिचा संबंध जोडतात. एस. शेट्टर व गुंथर सोन्थायमर यांनी संपादित केलेला अशा स्मृतिशिळांवरील ग्रंथ १९८२ साली निघाला.

महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर लेख नाही. काळ ठरतो तो शस्त्रे, वेश व घडणीवरून. म्हणूनच दगड मूळ जागी राहणे फार महत्त्वाचे. जागा सुटली की गावाशी असलेले त्याचे नाते तुटते. अनेक शिळा मंदिराच्या पायरीत, बांधात, पारावर गेल्या आहेत. शेंदराच्या पुटांखाली कोरीव काम बुजते, पण त्याच पूजेमुळे कित्येक वीरगळ जागेवर टिकले, हेही खरे. खरवडून सफाई करणे घातक. आधी छायाचित्र, मोजमाप व जागेची नोंद घ्यावी, आणि वृद्ध गावकऱ्यांकडून शिळेचे स्थानिक नाव विचारून लिहून ठेवावे.