खतावणीतून उभे राहिलेले शहर : भिलाईतील पैसा आणि वस्ती

वास्तुकलेच्या अभ्यासक्रमांत अलीकडे कल्पनाधिष्ठित रचना हा प्रकार मानाने स्थिरावला आहे. प्रत्यक्ष बांधकामाचे काम हाती नसताना, एखादी सामाजिक शक्यता लोकांपुढे यावी म्हणून जो आराखडा काढला जातो, त्याला हे नाव आहे. अशा आराखड्यांत एक सूत्र आढळते, ते असे की खंगलेल्या उपनगराला स्वतःचे डिजिटल चलन, म्हणजे नाणी-नोटांवाचून केवळ संगणकातील नोंदींवर चालणारा पैसा, मिळवून दिला, तर तेथील रिकाम्या हातांना आणि पडीक जागांना मोल येईल व वस्ती पुन्हा सावरेल. ही मांडणी नवी असली तरी तिच्या मुळाशी असलेला प्रश्न जुना आहे, आणि भारतात त्याची सर्वांत मोठी परीक्षा छत्तीसगडमधील भिलाई येथे विसाव्या शतकाच्या मध्यालाच होऊन गेली आहे. तेथे नोंदींच्या पैशावर एक अख्खे शहर उभे राहिले आणि त्याच शहराच्या कडेला, त्या नोंदींत ज्यांचे नाव नव्हते अशांची दुसरी वस्ती वाढली.

या इतिहासाचा पहिला धागा नागपूरला जातो. जमशेटजी टाटांच्या पोलाद कारखान्यासाठी चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील लोहखनिजाची पाहणी झाली आणि ती निराशाजनक ठरली, तेव्हा विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी दोराबजी टाटा मध्य प्रांताच्या सचिवालयात आले असताना तेथील संग्रहालयातील एका भूशास्त्रीय नकाशाकडे त्यांचे लक्ष गेले. भूशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांच्या सर्वेक्षणावर आधारलेल्या त्या नकाशात दुर्ग भागात दल्ली-राजहराच्या टेकड्यांवर लोखंडाची खूण होती. टेकड्या पाहिल्या गेल्या, खनिज उत्तम निघाले, परंतु कोळसा दूर आणि पाण्याची सोय अपुरी असल्यामुळे टाटांचा कारखाना पुढे साकची येथे, आजच्या जमशेदपुरात गेला. दल्ली-राजहरा आणखी अर्धे शतक तसेच पडून राहिले. 2 फेब्रुवारी 1955 रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात दहा लाख टन क्षमतेच्या पोलाद कारखान्याचा करार झाला, त्या वेळीही दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेश राज्यात होता त्याची राजधानी नागपूरच होती. 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्यपुनर्रचनेने ही प्रशासकीय नाळ तोडली.

या कराराची आर्थिक बाजू शहराच्या इतिहासात सहसा दोन ओळींत आटोपली जाते, आणि ते बरोबर नाही. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाजवळ डॉलर आणि पौंड यांची टंचाई होती. सोव्हिएत संघाने यंत्रसामग्री 60 कोटी रुपयांहून अधिक रकमेच्या कर्जावर दिली, व्याज अडीच टक्के ठेवले आणि परतफेड बारा वार्षिक हप्त्यांत रुपयांतच घेण्याचे मान्य केले. हे रुपये भारतातील खात्यावर जमा व्हायचे आणि त्यांतून सोव्हिएत संघाने भारतीय माल खरेदी करायचा, अशी योजना होती. 1950 च्या दशकाच्या अखेरीस हे रुपये इतर कोणत्याही चलनात बदलता येणार नाहीत, असे ठरले आणि रुपया-रूबल व्यवहार म्हणून ओळखली जाणारी पद्धत पूर्ण रूपाला आली. भट्टीचे सुटे भाग एका बाजूने येत, चहा, ताग, चामडे, मसाले दुसऱ्या बाजूने जात, आणि मधला पैसा केवळ दोन बँकांच्या खतावणीत नावे-जमा होत राही. पेशवाईतील सावकारांच्या हुंड्यांनी रोकड न हलवता जे साधले, त्याचेच हे राष्ट्रांच्या पातळीवरचे रूप होते.

नोंदींचा पैसा म्हणजे भाररहित पैसा असे मात्र नाही. भारत-सोव्हिएत देवाणघेवाणीच्या करारांत रुपयाचे मोल सोन्याशी बांधलेले होते, त्यामुळे 6 जून 1966 रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले तेव्हा देण्याची रुपयांतील रक्कम एका रात्रीत सुमारे 57.5 टक्क्यांनी फुगली. पुढे सोव्हिएत संघच उरला नाही, तरी साठलेल्या देण्याचा निवाडा जानेवारी 1993 मध्ये, रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांच्या दिल्लीभेटीत, करावा लागला. खात्यातील आकड्यामागे कोणाचा शब्द आहे आणि तो शब्द बदलला तर तोटा कोणी सोसायचा, हा प्रश्न डिजिटल चलनाच्या प्रत्येक योजनेलाही तितकाच लागू आहे.

या पैशातून जे उभे राहिले ते खरोखर भव्य होते आणि त्याचे मोल कमी लेखणे अन्यायाचे होईल. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे, म्हणजे खनिजातून लोखंड वितळवून काढणाऱ्या भट्टीचे, उद्घाटन झाले. राजहराचे लोहखनिज, नंदिनीचा चुनखडक, भंडारा-बालाघाट पट्ट्यातील मँगनीज आणि तांदुला जलाशयाचे पाणी यांची सांगड घालून हा कारखाना चालू झाला. त्याची वसाहत क्रमांकित सेक्टरांत आखली गेली. प्रत्येक सेक्टरात शाळा, बाजार आणि दवाखाना, रुंद रस्ते, झाडांच्या रांगा, नवव्या सेक्टरात मोठे रुग्णालय, आणि घरे पदश्रेणीनुसार वाटलेली, त्यामुळे केरळचे कुटुंब, पंजाबचे कुटुंब आणि विदर्भातून आलेले मराठी कुटुंब एकाच जिन्यावर राहू लागले. जात आणि प्रांत यांच्या पलीकडचा शेजार घडवण्याचा हा प्रयत्न ही भिलाईच्या रचनेतील सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट होती.

ज्या गावांच्या जमिनीवर हे घडले त्यांची कथा वेगळी आहे. मोबदला रोख मिळाला, पण रोख रकमेचे शेत होत नाही. लंडनचे मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी भिलाईत दीर्घकाळ राहून जे लिहिले, त्यात आरंभीच्या दिवसांतील एका अफवेची नोंद आहे, ती अशी की भट्टीच्या पायासाठी नरबळी लागतो. अनेक छत्तीसगडी गावकरी त्या काळी कारखान्यापासून दूरच राहिले. कालांतराने भीती गेली, कायम नोकरीची किंमत कळली, तोवर भरतीची दारे अरुंद होऊ लागली होती. मुंबई-हावडा लोहमार्गाच्या उत्तरेला, नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या जी. ई. रोडच्या आसपास, बांधकामाच्या काळात मजुरांचे तळ पडले. आजही त्या वस्त्यांना कॅम्प 1 आणि कॅम्प 2 अशीच नावे आहेत. त्यांच्या सोबतीने सुपेला, खुर्सीपार आणि जामुल या वस्त्या वाढल्या. रुळांच्या एका बाजूला कारखान्याच्या वेतनपटावरचा माणूस, ज्याला घर, पाणी, औषध आणि शाळा पगाराबरोबरच मिळे. दुसऱ्या बाजूला ठेकेदाराच्या हजेरीपटावरचा माणूस, ज्याला दिवसाची मजुरी मिळे आणि बाकी काहीच मिळत नसे. शहराची खरी सीमारेषा या दोन वह्यांनी आखली, आणि सोव्हिएत खात्यावरचा पैसा पहिल्या वहीच्या पलीकडे फारसा झिरपला नाही.

या परिस्थितीला दिलेले सर्वांत अर्थपूर्ण उत्तर खुद्द भिलाईत न घडता, तिला खनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरात घडले. तेथे खनिज हाताने फोडणारे व भरणारे हजारो कामगार ठेकेदारीत होते. कधीकाळी भिलाईच्या कारखान्यातच काम केलेले शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली 1977 मध्ये छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ स्थापन झाला आणि त्याच वर्षी 2 व 3 जून रोजी पोलीस गोळीबारात 11 जण मारले गेले. लढ्यामुळे मजुरी वाढली, परंतु संघटनेने लवकरच ओळखले की वाढलेली मजुरी दारूच्या गुत्त्याकडे वळत आहे. घरात येणारा पैसा वाढला म्हणून वस्ती सावरत नाही, हे निरीक्षण येथे कोणा अर्थशास्त्रज्ञाने न करता खाणीतल्या स्त्री-पुरुषांनी केले, आणि त्यातून दारूबंदीची मोहीम उभी राहिली. दुसरा प्रश्न आजारपणाचा होता, कारण कारखान्याच्या रुग्णालयाची दारे ठेकेदारी मजुराला बरोबरीने उघडी नव्हती. संघाच्या उपाध्यक्षा कुसुमबाई बाळंतपणात उपचाराअभावी दगावल्या, तेव्हा हजारो कामगारांनी स्वतःचे प्रसूतिगृह बांधण्याचा निर्धार केला.

1982 मध्ये संघाच्या गॅरेजमध्ये दवाखाना सुरू झाला आणि 3 जून 1983 रोजी, गोळीबारात गेलेल्यांच्या स्मरणार्थ, शहीद अस्पताल उघडले. बांधकाम कामगारांच्या वर्गणीतून आणि श्रमदानातून झाले. खाणीतली पाळी संपवून आलेली माणसे वाळू-विटा वाहत होती. बाहेरच्या देणग्यांवर विसंबायचे नाही, असा संघाचा कटाक्ष होता. बिनायक सेन, शैबाल जाना यांसारखे डॉक्टर येथे आले, आणि खाणकामगारांच्या घरातील तरुण-तरुणींना रुग्णसेवेचे शिक्षण मिळून ते तेथेच काम करू लागले. रकमा लहान होत्या, पण देणारा, बांधणारा, वापरणारा आणि हिशेब विचारणारा हे चौघे एकच होते. रुपया-रूबल खात्याशी तुलना करता हे खाते आकड्याने नगण्य ठरते. तरीही खंगलेल्या वस्तीच्या पुनरुज्जीवनाचा विचार करणाऱ्याने भिलाई परिसरातून एकच उदाहरण निवडायचे झाल्यास ते हेच निवडावे लागेल. नियोगी यांची 28 सप्टेंबर 1991 रोजी भिलाईत हत्या झाली. रुग्णालय त्यानंतरही चालू राहिले.

जगात इतरत्र स्थानिक चलनाचे जे प्रयोग टिकले किंवा गाजले त्यांतही देणारे आणि वापरणारे एकच असण्याची हीच खूण दिसते. 1932 मध्ये ऑस्ट्रियातील वोर्गल या गावाने महिन्याला एक टक्का मोल घटणारी प्रमाणपत्रे काढून रस्त्यांची कामे केली, कारण साठवून ठेवण्यात तोटा असल्यामुळे ती हातोहात फिरत. पुढच्याच वर्षी मध्यवर्ती बँकेने तो प्रयोग थांबवला. ब्राझीलमधील फोर्तालेझा शहराने किनाऱ्यावरून उठवलेल्या लोकांना 1970 च्या दशकात कोंजुंतो पाल्मेइरास येथे नेऊन टाकले, त्यांनी आधी गटारे आणि पाण्यासाठी संघटना बांधली, 1998 मध्ये बँको पाल्मास ही वस्तीची बँक काढली आणि स्थानिक चलन त्यानंतर आणले. केनियातील मोम्बासा येथे बांगलादेश नावाच्या झोपडवस्तीत 2013 मध्ये निघालेली बांगला-पेसा ही कागदी चिठ्ठी पुढे मोबाइलवरील सराफू या डिजिटल चलनाकडे गेली, पण तिचा आधार एकमेकांना ओळखणारे दुकानदारच होते.

भिलाईत आज डिजिटल पैशाच्या अभ्यासाची सामग्री आहे. 2016 मध्ये सुरू झालेल्या येथील आय. आय. टी.कडे केंद्र सरकारच्या एका राष्ट्रीय तंत्रज्ञान मोहिमेतील वित्ततंत्रज्ञानाचे केंद्र आहे. रिझर्व्ह बँकेने 1 डिसेंबर 2022 पासून सामान्य वापरासाठी डिजिटल रुपयाची चाचणी सुरू केली आणि फेब्रुवारी 2024 मध्ये हेतुबद्ध व्यवहारांची सोय, म्हणजे ठरावीक कामासाठीच खर्च होईल असा रुपया, आणण्याचे जाहीर केले. अशा रुपयातून खुर्सीपारच्या गल्लीत पाळणाघर किंवा सांडपाण्याची वाहिनी व्हावी, हा आराखडा काढण्याजोगा आहे आणि तो काढला जावा. परंतु तो काढणाऱ्याला ठेकेदारीची वही डोळ्यांआड करता येणार नाही. 1970 च्या ठेका कामगार कायद्यानुसार मजुरीचे वाटप मुख्य मालकाच्या प्रतिनिधीसमोर व्हावे लागे. तरीही देशात अनेक ठिकाणी, खात्यावर पूर्ण जमा दाखवलेल्या मजुरीतला हिस्सा ठेकेदाराचा माणूस मागाहून रोखीने काढून घेतो, अशी कामगार संघटनांची जुनी तक्रार आहे. तेव्हा बँकेची नोंद निर्दोष असते आणि मजुराचा खिसा रिकामा असतो. ग्रामीण रोजगार हमीच्या 2005 च्या कायद्यात यावर उपाय म्हणून सामाजिक अंकेक्षण आले, ज्यात कामाच्या व मजुरीच्या नोंदी ग्रामसभेपुढे तपासणीसाठी ठेवल्या जात आणि ज्याचे नाव नोंदीत असे त्याला तेथे उभे राहून आपले म्हणणे मांडता येई. कॅम्प, सुपेला आणि जामुल येथील ठेकेदारी मजुराला मात्र स्वतःच्या हजेरीपटाबद्दल अशा सभेत जाब विचारण्याची सोय त्या कायद्याने मिळाली नाही.