नाटकच प्रेक्षकांकडे चालत येई: मध्ययुगीन यॉर्कची गोष्ट

रोमन रंगभूमी लयाला गेली आणि मग थेट शेक्सपिअर उगवला, मधली हजार वर्षे युरोपात नाटक नव्हतेच, असा समज सर्रास आढळतो. इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्क शहराच्या नोंदवह्या मात्र वेगळेच सांगतात.

तेथे 'कॉर्पस क्रिस्ती' या सणाला, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, विश्वाच्या निर्मितीपासून अंतिम निवाड्यापर्यंतची सारी कथा एकाच दिवसात सादर होई. या नाट्यरथांचा पहिला उल्लेख १३७६ सालचा. नाटके जवळपास पन्नास, आणि प्रत्येकासाठी चाकांवरचा रंगमंच. ठरलेल्या साधारण बारा ठिकाणी रथ थांबे, प्रयोग होई, रथ पुढे सरके. नटांनी पहाटे चार-पाचच्या दरम्यान सज्ज असावे, असा हुकूमच होता.

नट कोण? कारागीर. प्राचीन भारतातील श्रेणींसारखे तेथे व्यवसायांचे संघ होते आणि एकेक नाटक एकेका संघाकडे असे. नोहाची नौका जहाजे बांधणाऱ्यांनी उभारायची, शेवटचे भोजन भटारखानेवाल्यांनी मांडायचे. अंतिम निवाडा धनाढ्य व्यापाऱ्यांकडे. त्यांच्या १४३३ च्या सामानाच्या यादीत नरकाचे मुख आहे आणि दोरीने स्वर्गात पळणारे छोटे देवदूतही आहेत.

क्रूसारोहण होते खिळे बनवणाऱ्यांकडे. या संहितेतील चार सैनिक क्रूर राक्षस नाहीत, कंटाळलेले मजूर आहेत. भोके चुकीच्या अंतरावर पडली म्हणून कुरकुरतात, दोऱ्यांनी येशूचे हात ताणतात, क्रूसाचे ओझे पेलवत नाही म्हणून एकमेकांवर डाफरतात. क्रूस उभा केल्यावर तो डुगडुगतो, म्हणून पाचरी ठोकतात. येशू बहुतांश वेळ मूक. काम चोख व्हावे यापलीकडे सैनिकांना काहीच दिसत नाही. मध्ययुगीन रंगभूमीला बाळबोध म्हणणाऱ्यांनी हा एक प्रवेश तरी वाचावा.

हा मान सर्वांनाच सुखाचा नव्हता. १४३० च्या दशकाच्या आरंभी गवंड्यांनी नगरपालिकेकडे गाऱ्हाणे मांडले. मेरीच्या अंत्ययात्रेत आडवा येणाऱ्या फर्गसला मार बसतो, असे त्यांचे नाटक होते. ही कथा पवित्र ग्रंथात नाही, तिने भक्तीऐवजी हशा पिकतो, भांडणे आणि मारामाऱ्याही होतात, शिवाय आपली पाळी दिवसाउजेडी क्वचितच येते, असे त्यांचे म्हणणे. नगरपालिकेने त्यांना राजा हेरोदचे नाटक देऊन सोडवले.

जागेचाही सौदा होई. ज्याच्या दारापुढे रथ थांबावा, त्याने नगरपालिकेला पैसे मोजावेत, असे १४१७ साली ठरले. भक्ती आणि व्यवहार यांत त्या शहराला विसंगती वाटत नसे.

सोळाव्या शतकात इंग्लंड प्रोटेस्टंट झाले आणि जुन्या पंथाची छाया असलेले हे खेळ धर्माधिकाऱ्यांच्या डोळ्यांत सलू लागले. आधी मेरीवरील नाटके वगळली गेली. अखेरचा प्रयोग १५६९ चा. १५७९ मध्ये संहितेची वही दुरुस्तीसाठी आर्चबिशपकडे न्यावी, असे नगरपालिकेने ठरवले खरे, पण रथ पुन्हा निघाले नाहीत.

संहिता टिकली ती नगरपालिकेने पंधराव्या शतकात तयार करवलेल्या त्या नोंदवहीमुळे. आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहे. १९५१ साली सेंट मेरीज मठाच्या भग्नावशेषांत तिच्यावरूनच ही नाटके पुन्हा उभी राहिली. गवंड्यांना नकोसे झालेले फर्गसचे नाटक मात्र त्या वहीत नाही.