नळीखालचे ठसे

लंडनच्या लिलावांत जुनी ब्रिटिश दुनळी बंदूक येते तेव्हा तिची ओळख करून दिली जाते ती कारखानदाराच्या नावाने. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, बॉस, वुडवर्ड अशी नावे नळ्यांमधल्या पट्टीवर सोन्याने किंवा कोरीव अक्षरांत असतात आणि किंमत बहुतांशी तीच ठरवतात. या बंदुकांचे मोठे वैशिष्ट्य मात्र किमतीत नाही. शेजारी-शेजारी दोन नळ्या असलेली, १८९० किंवा १९१० साली बनलेली बंदूक आजही स्कॉटलंडच्या माळरानावर आणि नॉरफकच्या शेतांत रीतसर वापरली जाते. त्या काळची शिवणयंत्रे, सायकली, मोटारी आता शोभेपुरत्या उरल्या आहेत. त्याच काळातल्या बंदुकीत मात्र माणसे चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर स्फोट घडवून आणतात आणि त्यांना त्याची भीती वाटत नाही. हा विश्वास आला कुठून? लंडनच्या कारागिरांच्या हातातून, असे सहसा सांगितले जाते. ते उत्तर मला अपुरे वाटते. या विश्वासाचा पाया कायद्याने सक्तीच्या केलेल्या एका चाचणीत आहे, आणि तिची नोंद पट्टीवरच्या नावात न सापडता नळीच्या खालच्या बाजूला सापडते.

ही नोंद पाहायची तर बंदूक सुटी करून बघावी लागते. पुढचा लाकडी हातखंडा काढला, वरची कळ दाबली की नळ्यांची जोडी बिजागरीवरून सुटून हातात येते. ती उलटी केली की मागच्या टोकाला दोन सपाट पट्ट्या दिसतात. एरवी त्या ॲक्शनवर, म्हणजे नळ्या जिथे अडकतात त्या मधल्या यांत्रिक भागावर, टेकून झाकलेल्या असतात. त्यांच्यावर दाटीने बारीक ठसे मारलेले असतात. मुकुटाखाली एकमेकांत गुंतलेली जी आणि पी ही अक्षरे असली तर चाचणी लंडनची. मुकुटासह फुलीसारखे मांडलेले दोन राजदंड असले तर ती बर्मिंगहॅमची आणि १९०४ पूर्वीची. चौकटीत १२ आणि त्याखाली सी दिसले की चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, बारा बोअरची आहे आणि ठसा १८८७ किंवा त्यानंतरचा आहे हे कळते. शेजारी बरेचदा १३ हा आकडा असतो आणि नवखा माणूस इथे हमखास गोंधळतो. बंदूक बाराचीच असते. नळीचा आतला व्यास चाचणीच्या वेळी बारा बोअरच्या नेमक्या ०.७२९ इंचांऐवजी ०.७१० इंचांच्या मापात बसला, एवढेच तो आकडा सांगतो. आज तोच व्यास वाढून पुढच्या मापात गेलेला असेल, तर मधल्या काळात कोणीतरी गंज घालवण्यासाठी नळी आतून घासली आहे आणि जुना ठसा आता या नळीची हमी देत नाही. तोंडाशी आवळलेल्या, म्हणजे चोक असलेल्या, १८७५ ते १८८७ मधल्या नळ्यांवर गोळी झाडू नये असा इशाराच ठोकलेला आढळतो. लंडनच्या आणखी एका ठशात तलवार उगारलेला हात आहे. बिनधुराच्या दारूने नळी तपासली गेली, ही त्याची खूण. आपल्याकडे सोन्यावर हॉलमार्क असतो तसाच हा प्रकार, फरक इतकाच की इथे चूक झाली तर पैशांऐवजी बोटे जातात.

लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ साली सनद मिळाली आणि नळ्या तपासून ठसे मारण्याचा अधिकार त्याच्याकडे आला. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचा, म्हणजे चाचणीघराचा, कायदा बराच नंतरचा, १८१३ चा. नेपोलियनशी युद्ध चालू असताना बर्मिंगहॅम लष्करासाठी प्रचंड संख्येने बंदुका करत होते, आणि त्याआधी पश्चिम आफ्रिकेच्या व्यापारासाठी, त्यातल्या गुलामांच्या व्यापारासाठीही, याच शहराने बंदुका पुरवल्या होत्या. त्या शहरातली कामाची विभागणी समजून घेतल्याशिवाय चाचणीची गरज कळत नाही. स्टीलहाउस लेन, लव्हडे स्ट्रीट, प्राइस स्ट्रीट या गल्ल्यांच्या वस्तीत कोणी फक्त नळी आतून कोरायचा, कोणी फक्त दस्ता बसवायचा, कोणी चाप, कोणी पॉलिश. लॉक, म्हणजे घोड्याची यंत्रणा, येत डार्लस्टन, वेन्सबरी आणि वुल्व्हरहॅम्प्टनहून. अर्धवट बंदूक पोरांच्या हाती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरायची. अशी बंदूक फुटली तर दोष कोणाचा? लोखंड घडवणाऱ्याचा, कोरणाऱ्याचा की जोडणाऱ्याचा? शेवटी नाव घालणाऱ्याने नळी घडताना पाहिलेलीही नसायची. जिथे जबाबदारी अशी वाटली गेली आहे तिथे बाहेरच्या कोणीतरी, विकण्याआधी, नेहमीपेक्षा कितीतरी भारी दारू भरून नळी उडवून पाहणे हाच खात्रीचा मार्ग उरतो. तोही दोनदा. आधी नुसत्या नळीवर, म्हणजे सदोष लोखंडावर पुढची मजुरी वाया जाऊ नये. मग ॲक्शन बसल्यावर. उडवल्यानंतर कुठे फुगवटा किंवा चीर आली का हे डोळ्यांनी आणि बोटांनी तपासायचे आणि मगच ठसा ठोकायचा. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसच्या बॅनबरी स्ट्रीटवरच्या इमारतीत हे काम आजही चालते.

यावर लंडनचे चाहते म्हणतील की ही बर्मिंगहॅमची कहाणी झाली, पर्डीसारख्या घराला कोणाच्या ठशाची गरज नव्हती. इतिहास त्यांच्या बाजूने उभा राहत नाही. लंडनच्या उत्तम घरांतला हात सुंदर होता हे मी मनापासून मानतो. लाकूड आणि पोलाद यांच्या सांध्यात केसही शिरू नये असे काम तिथे झाले आहे. पण त्या सुबक बंदुकीचे अवयव ठिकठिकाणचे असत. वुल्व्हरहॅम्प्टनच्या ब्रेझिअरची लॉक अनेक नामांकित घरे वापरत. वेटोळ्यांची नक्षी असलेल्या डमॅस्कस नळ्या पुष्कळदा बेल्जियममधल्या लीएझजवळच्या खोऱ्यातून येत. हॉलंड अँड हॉलंडसाठी बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. अँड सी. स्कॉटने बंदुका करून दिल्या. वरची कळ आज जवळपास सगळ्या दुनळ्यांवर दिसते. ती ज्याच्यावर फिरते तो दांडा १८६५ चा, स्कॉटचा, आणि तो ज्या खिट्टीला हलवतो ती १८६३ ची, पर्डीची. १८७५ साली बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्समध्ये ॲन्सन आणि डीली यांनी घोडे आत लपवणारी साधी, मजबूत ॲक्शन काढली आणि ती जगभर नकलली गेली. पर्डीची स्वतःहून उघडणारी प्रसिद्ध ॲक्शनसुद्धा फ्रेडरिक बीस्ली या कारागिराची. १८८० चे ते पेटंट त्याने पर्डीला विकले. एका नावाखाली इतक्या हातांचे काम जमा होत असेल, तर नावाने दिलेली हमी कुठल्या तरी तिसऱ्या हमीवर टेकलेली असणार.

कायद्याच्या चाचणीला पुढे वर्तमानपत्राच्या चाचणीची जोड मिळाली. लफोशे या फ्रेंच कारागिराची मागून भरायची बंदूक १८५१ च्या लंडन प्रदर्शनात मांडली गेली आणि ठासणीच्या बंदुकीचे दिवस भरले. पण मागून उघडणारी नळी घट्ट राहील का, तिचा मारा कमी तर नाही, यावर वाद पेटला. ‘द फील्ड’ या साप्ताहिकाचे संपादक जॉन हेन्री वॉल्श यांनी १८५८ पासून जाहीर चाचण्या घेतल्या आणि कोणाची बंदूक किती छर्रे कुठे टाकते ते आकड्यांत छापले. १८७५ च्या चोकवरच्या चाचण्यांनी बर्मिंगहॅमच्या ग्रीनरचे नाव वर आणले. खुद्द वॉल्श यांच्या डाव्या हाताचा काही भाग बंदूक फुटून गेलेला होता. अशा माणसाने आयुष्यभर जाहिरातींऐवजी मोजमापावर भर दिला, याचे मला फार अप्रूप वाटते.

मग दारू बदलली. शुल्ट्झ आणि ई. सी. या बिनधुराच्या दारूंनी १८६० ते १८९० च्या दरम्यान काळ्या दारूची जागा घेत नेली. या नव्या दारूचा दाब वेगळ्या रीतीने चढतो, त्यामुळे जुनी परीक्षा पुरेना. १८९६ च्या नियमांत बिनधुराच्या दारूच्या चाचणीची सोय झाली. डमॅस्कस नळ्या कमजोर असतात, ही समजूत आजही पक्की आहे. पण १८९१ मध्ये जाहीर झालेल्या बर्मिंगहॅम प्रूफ हाउसच्या तुलनात्मक चाचणीत इंग्लंडातच यंत्राने घडवलेल्या पिळाच्या नळ्या उत्तम पोलादाच्या बरोबरीने टिकल्या. दिसण्यावरून ठरलेले मत मोजणीसमोर टिकले नाही.

या मांडणीवर एक आक्षेप गंभीर आहे. आज शाबूत आहेत त्याच बंदुका आपण पाहतो. फुटल्या त्या भंगारात गेल्या, मग उरलेल्यांवरून चाचणीचे श्रेय कसे द्यायचे? आक्षेप अर्धा बरोबर आहे. निव्वळ टिकण्यावरून काही सिद्ध होत नाही. म्हणूनच महत्त्व आहे ते पुनःपुन्हा तपासण्याला. नळी ठरल्यापेक्षा जास्त घासली किंवा चेंबर लांबवले की ब्रिटिश कायद्याने नवी चाचणी लागते, आणि हमीबाहेर गेलेली बंदूक विकणे गुन्हा ठरतो. शाबूत असलेल्या बंदुकांच्या नळ्यांखाली दोन-तीन पिढ्यांचे ठसे शेजारी-शेजारी सापडतात; नशिबाने टिकलेल्या वस्तूवर असा लेखाजोखा नसतो. दुसरा आक्षेप, ठसा म्हणजे बंदूककारांनी आपल्या धंद्याला घातलेले कुंपण. सनद मागताना तो हेतू होताच, पण कुंपण घालणाऱ्यांनाही आपला माल त्याच भट्टीतून काढावा लागला आणि फायदा गिऱ्हाइकाला मिळाला. खरी उणीव वेगळीच आहे. कायदा नळीचा आतला व्यास मोजतो, भिंतीची जाडी नाही. बाहेरून-आतून घासून पत्र्यासारखी झालेली नळीही चाचणीत तगू शकते आणि नंतर साध्या ठोकरीने चेपू शकते. जाणकार विक्रेते इंचाच्या वीस हजारांशापेक्षा पातळ भिंतीला हात लावत नाहीत तो व्यापाराचा संकेत आहे. माझ्या मते त्याचा नियम व्हायला हवा होता.

या बंदुका ज्या कामासाठी घडल्या त्याबद्दल मात्र मला प्रेम नाही. हाकाऱ्यांनी उडवलेले पक्षी ओळीने उभ्या शिकाऱ्यांवरून न्यायचे, ही १८६० नंतरची श्रीमंत पद्धत. लॉर्ड वॉल्सिंगहॅम यांनी ३० ऑगस्ट १८८८ रोजी ब्लबरहाउसेसच्या माळावर एकट्याने १,०७० ग्राऊस मारले. १८ डिसेंबर १९१३ ला हॉल बार्न इथे पंचम जॉर्ज यांच्या टोळीने एका दिवसात ३,९३७ फेजंट पाडले. आज आपण जरा अतिच केले, असे राजाने म्हटल्याचे युवराजांनी पुढे नोंदवले. ते अतिच होते. पण बंदुकीच्या इतिहासात हेही मान्य करावे लागते की तापलेल्या नळ्यांतून दिवसभर शेकडो फैरी झाडण्याच्या या हौसेनेच साडेसहा पौंडांची हलकी, झटपट उघडणारी, अडीच इंची काडतुसाला पुरेशी बंदूक घडवली. जादा वजन किंवा जादा दारू त्यांना नकोच होती, आणि त्या संयमामुळे पोलादावरचा ताण मर्यादेत राहिला.

या बंदुकांचा एक प्रवाह भारतातही आला. कलकत्त्यात मॅन्टन आणि रॉडा यांची दुकाने होती, संस्थानिक थेट लंडनला मागणी नोंदवत. कोल्हापूरच्या न्यू पॅलेस संग्रहालयात छत्रपतींची शस्त्रे आणि शिकार केलेले प्राणी शेजारी-शेजारी पाहायला मिळतात. पण कायद्याचा रोख इथे उलटा होता. ब्रिटनमध्ये १८७० च्या कायद्यान्वये टपाल कचेरीत दहा शिलिंग भरले की परवाना मिळे, आणि दुनळीसाठी पोलिसांचे प्रमाणपत्र १९६८ पर्यंत लागत नव्हते. बंदूक मात्र तपासलेलीच हवी. भारतात १८७८ च्या शस्त्र कायद्याचा सगळा भर बंदूक कोणाच्या हाती आहे यावर होता, आणि युरोपियनांना त्यातून मोकळीक होती. राज्यकर्त्यांनी मायदेशी वस्तूवर संशय घेतला आणि इथे माणसावर. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध आले. जुन्या वाड्यांतल्या दुनळ्या आणि कोकणातल्या शेतीरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुका उरल्या. बारा बोअर आहे म्हणून हाती आलेले लांब, भारी काडतूस अडीच इंची चेंबरमध्ये घालण्याआधी नळीखालचे ठसे वाचणे ही हौशी माणसाची आवड राहत नाही, ती गरज असते.

ब्रिटनमध्ये आता नवी कसोटी आली आहे. शिशाचे छर्रे पाणपक्ष्यांच्या पोटात जाऊन त्यांना मारतात, म्हणून इंग्लंडमध्ये पाणथळीत १९९९ पासूनच या छर्ऱ्यांवर निर्बंध आले, आणि जुलै २०२५ मध्ये सरकारने बहुतेक वापरातून शिसे हटवण्याचा निर्णय जाहीर केला. शिशाला स्वस्त पर्याय पोलादी छर्ऱ्यांचा. ते कडक असतात आणि आवळलेल्या तोंडाच्या जुन्या पातळ नळीला फुगवू शकतात. अधिक दाबाच्या पोलादी काडतुसांसाठी वेगळी चाचणी आहे आणि ती उत्तीर्ण झालेल्या नळीवर लिलीच्या फुलाचा ठसा बसतो. व्हिक्टोरियन बंदुकीला ही परीक्षा द्यायला लावणे बहुतेक मालक टाळतात, कारण नळी फुगली तर नुकसान त्यांचेच. मऊ बिस्मथची महाग काडतुसे घेऊन ते जुन्याच ठशाच्या मर्यादेत राहतात, आणि तसे करण्यात ते चुकत नाहीत. त्या मर्यादा ठरल्या तेव्हा नळी प्रत्यक्ष दारू भरून उडवली गेली होती.